वॉल्टर टलवर सहा तक्ते करायचेत. ‘पहिला’ लिहू की नको?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. तालुक्याच्या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या वेळी मैदानालगतच्या मंडपात सहा तक्ते लावायचं ठरलंय. विषय वॉल्टर टल: टॉटनहॅम हॉटस्पर आणि नॉर्दॅम्प्टन टाउनकडून खेळलेला, १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेलेला व्यावसायिक फुटबॉलपटू. वाचणारी मुलं आठवी ते दहावीची, सोबत पालक. एका तक्त्यावर शंभर-सव्वाशे शब्द, त्याच्या वर नाही.

मराठीत जे काही फिरत फिरत हाताशी येतं त्यात चार वाक्यं हमखास असतात. तो इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. तो ग्लासगो रेंजर्सकडूनही खेळला. ही चारही छापण्याजोगी आहेत का?

शिवाय टॉटनहॅमने त्याला का सोडलं, आठवड्याचे ४ पौंड मुलांना कसे समजवायचे, आणि कबर नेमकी कुठे आहे, एवढं हवंय. खान्देशाशी जोडणारा एखादा धागा मिळाला तर उत्तम, पण ओढूनताणून आणलेला नको.

हाफबॅक

सर, चारही वाक्यं आहेत तशी छापू नका. पहिली दोन चूक, उरलेली दोन अर्धवट.

अँड्र्यू वॉटसन १८८१ मध्येच स्कॉटलंडचा कप्तान होता आणि त्याच्या संघाने लंडनमध्ये इंग्लंडला ६-१ असं हरवलं होतं. तो हौशी खेळाडू. पैसे घेऊन खेळणाऱ्यांत आर्थर व्हार्टन: जन्म १८६५, अक्रा (तेव्हाचा गोल्ड कोस्ट, आजचा घाना), जागा गोलकीपरची, १८८९ पासून रॉदरहॅम टाउनचा व्यावसायिक. कोणी म्हणेल, व्हार्टन गोलकीपर होता, मैदानात धावणारा पहिला तरी टलच. तेही नाही. अ‍ॅस्टन व्हिलाचा विली क्लार्क १९०१ मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये गोल करून मोकळा झाला होता. टलबद्दल ‘इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळलेल्या सुरुवातीच्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी एक’ एवढं म्हणा. वाक्य लांब आहे, पण कोणी बोट ठेवणार नाही.

रेंजर्सचं असं. १९१७ मध्ये तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये होता. भाऊही ग्लासगोतच. त्या काळात रेंजर्सशी करार झाल्याचं सांगितलं जातं. पण त्यांच्या पहिल्या संघातून तो एकही सामना खेळला नाही, म्हणून ‘खेळला’ हे क्रियापद काढा. सैन्याचं जुनी_कागदं सांगतीलच, मी खेळाचं लिहितो.

जन्म २८ एप्रिल १८८८, फोकस्टन, केंट. वडील डॅनियल बार्बाडोसहून आलेले सुतार, त्यांचे वडील तिथे गुलाम होते. आई अ‍ॅलिस केंटचीच. १८९५ मध्ये आई कॅन्सरने गेली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या क्लाराशी लग्न केलं आणि १८९७ मध्ये तेही गेले. एवढा संसार क्लाराला एकटीला ओढवेना. फेब्रुवारी १८९८ मध्ये वॉल्टर आणि मोठा एडवर्ड यांना लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात ठेवलं गेलं. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाने दत्तक घेतलं, तो दंतवैद्य झाला. वॉल्टर आश्रमात राहून छपाईचं काम शिकला. दोघांची ताटातूट झाली तरी पत्रव्यवहार टिकला, आणि वॉल्टरच्या मृत्यूबद्दल आज जे काही ठाऊक आहे त्यातला बराच भाग एडवर्डला आलेल्या पत्रातूनच येतो. हे पहिल्या तक्त्यावर नक्की घ्या, सहाव्या तक्त्यावर त्याचा उपयोग होईल.

१९०८ मध्ये तो क्लॅप्टन या हौशी क्लबात गेला. त्या एकाच हंगामात क्लबाने एफए अ‍ॅमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी अ‍ॅमॅच्युअर कप असे तीन कप घेतले. टॉटनहॅमची नजर तिथेच गेली. १९०९ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावर नेलं आणि मग व्यावसायिक करार केला: सहीचे १० पौंड, आठवड्याला ४ पौंड. दोन्ही आकडे नियमाने दिली जाणारी कमाल रक्कम होती, म्हणजे क्लबाने हात आखडता घेतला नव्हता. टॉटनहॅम तेव्हा नुकताच वर चढून पहिल्या डिव्हिजनमध्ये आला होता. घरच्या मैदानावरचा त्याचा पहिला सामना मँचेस्टर युनायटेडशी झाला, आणि युनायटेडकडे त्या वर्षीचा एफए कप होता. प्रेक्षक तीस हजारांवर.

त्याची जागा समजावताना काळजी घ्या. तेव्हा संघ २-३-५ उभा राहायचा: मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच. त्या पाचांत मधल्याच्या दोन्ही बाजूंचे ते इनसाइड फॉरवर्ड. टल टॉटनहॅममध्ये इनसाइडला खेळला. नॉर्दॅम्प्टनमध्ये पुढे हाफबॅक झाला आणि खरा रुळला तिथेच. मुलांना ‘आजचा मिडफिल्डर’ म्हणून सांगा. ‘स्ट्रायकर’ लिहिलंत तर गोलांचे आकडे पाहून मुलं नाक मुरडतील. टॉटनहॅमसाठी लीगचे १० सामने आणि २ गोल. नॉर्दॅम्प्टनसाठी नेहमी दिला जाणारा आकडा १११ सामने आणि ९ गोल.

आता टॉटनहॅमने का सोडलं. ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याच्या रंगावरून त्याला शिव्या घातल्या. ‘फुटबॉल स्टार’च्या बातमीदाराने लिहिलं की ती भाषा बिलिंग्जगेटहूनही खालची होती (बिलिंग्जगेट म्हणजे लंडनचा मासळीबाजार, शिवराळपणासाठी नावाजलेला), आणि त्याच बातमीत टलला त्या मैदानावरचा सर्वोत्तम फॉरवर्ड म्हटलं. त्यानंतर लवकरच तो राखीव संघात गेला. पुढच्या पूर्ण हंगामात पहिल्या संघातून अवघे तीन सामने. क्लबाने कारण कुठे लिहून ठेवलेलं नाही. ‘शिव्यांमुळे काढलं’ असं ठामपणे छापू नका. घटना आणि तारखा एकाखाली एक ठेवा, दोन्हींतलं अंतर वाचणाऱ्याला दिसतं.

ऑक्टोबर १९११ मध्ये हर्बर्ट चॅपमनने त्याला नॉर्दॅम्प्टनला नेलं. हाच चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलमुळे गाजला. पण १९१२ मध्ये तो लीड्स सिटीला गेला, म्हणजे दोघांची सोबत वर्षभराचीही नव्हती. ‘चॅपमनच्या तालमीत घडला’ हे वाक्य जरा हात राखून वापरा.

चोपड्याचे_आप्पा

पगाराचं सोप्पं आहे सर. आजच्या दराने ४ पौंडांचे रुपये करू नका, चार-पाचशे रुपये येतात आणि पोरं हसतात. तुलना त्याच काळातली द्या. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, म्हणजे ४ पौंडांचे ८० शिलिंग. सैन्यात साध्या शिपायाला रोज १ शिलिंग, आठवड्याला ७. तक्त्यावर दोन रांगा काढा, एकीत ८० ठिपके, दुसरीत ७. खाली काही लिहायची गरज नाही. कुशल कारागिराच्या साधारण दुप्पट कमाई होती, असंही म्हणता येईल. बाकी ४ पौंडांची मर्यादा १९०१ ची, १९१० मध्ये ती ५ झाली. तारीख घालणार असाल तर हे लक्षात ठेवा.

दुसरं, चेंडू. ‘त्या काळचा चेंडू दगडासारखा जड होता’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नियम पाहिला तर उलट आहे. १९३७ पर्यंत सामन्याच्या सुरुवातीला चेंडूचं वजन १३ ते १५ औंस, म्हणजे ३७० ते ४२५ ग्रॅम. आजचा ४१० ते ४५०. म्हणजे कोरडा चेंडू आजच्यापेक्षा किंचित हलकाच. भानगड पाण्याने व्हायची. कातडं पाणी पीत जायचं आणि चिखलात अर्ध्या तासात चेंडू जड व्हायचा. वर तोंडाशी चामडी वादीची शिवण. हेडर मारताना ती बाजू कपाळावर आली की कातडी सोलून निघायची. मंडपात किराणा दुकानाचा काटा ठेवा, शाळेतला चेंडू पोरांना मोजू द्या. गर्दी तिथंच होईल, तक्ते कोण वाचतंय भो!

जुनी_कागदं

सैन्याचा भाग. तारखांची सरमिसळ इथेच जास्त होते, म्हणून क्रमाने घेतो.

१५ डिसेंबर १९१४ ला लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा होऊन मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन उभी राहिली, तीच ‘फुटबॉल बटालियन’. आधी वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार सुरू होता की देश लढतोय आणि हे पैसे घेऊन चेंडू मारतायत. लीगचा १९१४-१५ हंगाम चालूच होता. सुरुवातीला बटालियनमधल्या खेळाडूंना शनिवारी आपापल्या क्लबाकडून खेळायला सोडत. एप्रिल १९१५ च्या कप फायनलनंतर मात्र व्यावसायिक लीग बंद पडली. टल २१ डिसेंबर १९१४ ला भरती झाला. नॉर्दॅम्प्टनच्या खेळाडूंतला तो पहिला. हा ‘पहिला’ तेवढा बेधडक छापा.

नोव्हेंबर १९१५ मध्ये फ्रान्स. तोवर तो सार्जंटच्या फितीपर्यंत पोचला होता. मे १९१६ मध्ये त्याला इंग्लंडला परत पाठवलं. कागदावर निदान ‘अ‍ॅक्यूट मेनिया’, म्हणजे तोफांच्या माऱ्याखाली मनावर झालेला आघात. तो फ्रान्सला परतला २० सप्टेंबर १९१६ ला. मधल्या तारखा बघा: फ्रान्समधली सोमची लढाई १ जुलैला सुरू झाली, तेव्हा तो इंग्लंडमध्ये आजारी होता. ‘सोमच्या पहिल्या दिवशी लढला’ असं कुठे दिसलं तर सरळ खोडा. लढाईच्या शेवटच्या टप्प्यात तो होता. डिसेंबर १९१६ मध्ये ट्रेंच फीव्हरने पुन्हा घरी. खंदकात अंगावर पडणाऱ्या उवांतून पसरणारा हा ताप होता.

निदान छापायचं का, हा प्रश्न येईल. छापा. पालकांना चालणार नाही ही भीती अनाठायी आहे. ते वगळलं तर मे ते सप्टेंबरचं भगदाड कशाने भरणार?

१९१७ च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या गेल्स इथे अधिकारी प्रशिक्षण, मे १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंटचं कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक. नियमाप्रमाणे कमिशनसाठी उमेदवार ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ हवा होता. तरी त्याला मिळालं. युद्धात अधिकारी इतके पडत होते की अनुभवी सार्जंट मिळाला तर सोडायला कोणी तयार नव्हतं.

पण तो पहिला नव्हे. जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंडला तोफखान्यात मे १९१५ मध्ये, म्हणजे दोन वर्षं आधी, कमिशन मिळालं होतं. वंशाच्या रकान्यात त्याने ‘होय, शुद्ध युरोपीय’ असं उत्तर दिलं. २६ डिसेंबर १९१६ ला तो मारला गेला. त्याच्यासारखे आणखीही निघाले. टल गाजला तो फुटबॉलमुळे, आणि ‘पहिला’ ही पदवी लोकांनी मागाहून चिकटवली.

अधिकारी म्हणून तो २३व्या बटालियनमध्ये गेला, म्हणजे ‘दुसरी फुटबॉल बटालियन’. १७वी आणि २३वी या दोन वेगळ्या. १७वी सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, २३वी ४१व्या डिव्हिजनच्या १२३व्या ब्रिगेडमध्ये. एकीची रोजनिशी उघडून दुसरीतला माणूस शोधला की काहीच सापडत नाही आणि लोक म्हणतात, कागद गहाळ झाले.

१९१७ च्या उत्तरार्धात बेल्जियममधली ईप्रची तिसरी लढाई. मग इटलीची आघाडी कोसळल्यावर काही ब्रिटिश डिव्हिजन तिकडे हलवल्या, त्यात ४१वी होती. जानेवारी १९१८ मध्ये त्याने रात्रीच्या अंधारात २६ जणांना घेऊन प्यावे नदी ओलांडली, पलीकडे छापा घातला आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल लॉफर्ड यांनी धैर्य आणि थंड डोकं या दोन्हींसाठी त्याची लेखी प्रशंसा केली. प्यावे जोराची, अनेक धारांत फुटलेली नदी आहे. तापीच्या पावसाळी पात्राला मध्ये वाळूची बेटं सोडून चार वाटा फुटल्यात असं डोळ्यांसमोर आणा, आणि वर जानेवारीची थंडी. तक्त्यासाठी सगळ्यात जिवंत प्रसंग हा आहे. रेखाचित्र याचंच काढा.

मार्चमध्ये डिव्हिजन फ्रान्सला परत आली. २१ मार्च १९१८ ला जर्मनांचा मोठा हल्ला सुरू झाला. रशिया युद्धातून बाहेर पडल्याने तिकडचं सैन्य मोकळं झालं होतं आणि अमेरिकन मोठ्या संख्येने पोचायच्या आत निकाल लावायचा होता. २४ तारखेला बापोम पडलं. २५ मार्चला बापोमच्या उत्तरेला लागून असलेल्या फाव्रुय गावाजवळ माघार घेताना टलला गोळी लागली. लेस्टर फॉसचा गोलकीपर टॉम बिलिंगहॅम त्याच्या तुकडीत होता. त्याने त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण जर्मन इतके जवळ आले की सोडून निघावं लागलं. ती जमीन ऑगस्टपर्यंत जर्मनांकडे राहिली. मृतदेह कधीच ओळखला गेला नाही.

कबर नाही. नाव आहे ते अ‍ॅरास स्मारकाच्या भिंतीवर, ७व्या कमानीत, बेपत्ता झालेल्या चौतीस हजारांहून अधिक नावांत. फाव्रुय ते अ‍ॅरास अंतर जळगाव-भुसावळपेक्षा थोडं कमीच. एक फसगत इथे नेहमी होते. हे स्मारक फोबूर द’आमियां या दफनभूमीच्या आवारात आहे, त्यामुळे लोक ‘फोबूर द’आमियां इथे दफन’ लिहून टाकतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव, पहिलं महायुद्ध आणि मिडलसेक्स रेजिमेंट एवढं भरा, नोंद फुकट दिसते. त्यात स्मारकाचं नाव असेल तर देह सापडलेला किंवा ओळखलेला नाही. दफनभूमी आणि कबरीचा ओळ-क्रमांक असेल तरच कबर आहे.

मिलिटरी क्रॉस: त्याच्या सोबतचा अधिकारी पिकर्ड याने एडवर्डला लिहिलेल्या पत्रात शिफारस झाल्याचं म्हटलं आहे. पदक मिळाल्याची नोंद मात्र नाही. मिळालेली पदकं तीन: १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल.

हाफबॅक

इथे थोडी हरकत. ‘रंगामुळे क्रॉस नाकारला’ हेही आता सर्रास छापलं जातं. नियम बाजूला ठेवून बोलता येणार नाही. त्या काळी मरणोत्तर मिळायचे ते व्हिक्टोरिया क्रॉस आणि लढाईच्या अहवालातला नामोल्लेख, एवढंच. हयातीत झालेली शिफारस मंजुरीच्या वाटेवर असली तर गोष्ट वेगळी.

जुनी_कागदं

हरकत बरोबर, पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. शिफारस इटलीतल्या छाप्यासाठी असेल तर ती मृत्यूच्या जवळपास तीन महिने आधीची, म्हणजे मरणोत्तरचा नियम आड येत नाही. अडतं ते कागदावर. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधलं सैन्याचं दप्तर जळालं, त्यात अशा शिफारशींचे बहुतेक कागद गेले आणि साध्या शिपायांच्या सेवापुस्तिकाही निम्म्याहून जास्त. उरलेल्यांना म्हणतातच ‘जळकी कागदं’. तक्त्यावर इतकंच लिहा: ‘सहकाऱ्याच्या पत्रानुसार मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती, पदक मिळालं नाही.’

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये कोणाला खोदायचं असेल तर दप्तरांचे क्रमांक: अधिकाऱ्यांच्या फाइली डब्ल्यूओ ३३९, जळक्या शिपाई-पुस्तिका डब्ल्यूओ ३६३, पदकांची कार्डं डब्ल्यूओ ३७२, बटालियनच्या रोजनिश्या डब्ल्यूओ ९५. रोजनिशीत अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचा नुसता आकडा. टल १९१५ च्या पानांत न दिसण्याचं कारण तेच.

फोटोचीही एक खूण. सार्जंटच्या फोटोत दंडावर तीन फिती असतात. अधिकाऱ्याच्या फोटोत दंड कोरा, गळ्यात टाय, छातीवरून तिरका चामडी पट्टा आणि बाहीच्या टोकाला एक तारा. सार्जंटच्या फोटोखाली ‘लेफ्टनंट टल’ छापण्याची चूक फार ठिकाणी झाली आहे.

धुळे_पश्चिम

खान्देशाचा धागा ओढून आणायची गरज नाही, तो त्याच वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. तिथे हिंदी सैनिकांच्या नोंदींत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. अडचण एवढीच की लोक ‘जळगाव जिल्हा’ टाकून शोधतात आणि हात हलवत परत येतात. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, पूर्व आणि पश्चिम. युद्धाच्या काळात आजचा जळगाव जिल्हा म्हणजे ‘ईस्ट खानदेश’, धुळे-नंदुरबार म्हणजे ‘वेस्ट खानदेश’. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये. शोधताना ‘अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन’च्या रकान्यात नुसतं ‘खानदेश’ टाका, मग तालुका. धुळ्याचं स्पेलिंग ‘धुलिया’ धरा. गावांची स्पेलिंगं ज्या कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी आहेत, म्हणून पूर्ण नावाऐवजी पहिली चार-पाच अक्षरं द्या.

नावाचं आणखी एक. आपल्याकडच्या शिपायाचं नाव आणि आडनाव दोन्ही मिळून आडनावाच्याच चौकटीत घातलेलं आढळतं. नुसतं ‘पाटील’ शोधून निघालं नाही तर पहिल्या नावाने शोधा. रेजिमेंटमध्ये ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग ‘एम’ नंतर ‘ए-एच’ असं आहे, हे विसरलात तर १०३वी, ११०वी, ११७वी यांपैकी एकही पलटण सापडत नाही. या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६.

आणि सर, टलशी खरा सांधा जुळतो तो भिंतीवरच्या नावात. अ‍ॅरासला त्याचं नाव कोरलेलं आहे. मेसोपोटेमियात बेपत्ता झालेल्यांचं बसऱ्याचं स्मारक पाहिलं तर तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा. नावं छापील नोंदवहीत. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर तसं नाही, तिथे चार हजार सातशेहून अधिक हिंदी नावं कोरली आहेत. एका तक्त्यावर अ‍ॅरासची भिंत आणि शेजारी आपल्या तालुक्यातलं नोंदवहीत सापडलेलं नाव ठेवा, गावासह. घरच्यांचे वारस गावात असतील तर आधी त्यांना विचारा, मग छापा.

फ्लेक्स_आणि_सनबोर्ड

छपाईचं बोलतो. २ बाय ३ फूट, उभा तक्ता, सनबोर्डवर चिकटवून, वर मॅट लॅमिनेशन. नुसता फ्लेक्स दोरीने बांधू नका, वाऱ्याने पोट धरतो आणि मधल्या ओळी वाचता येत नाहीत. चमकदार लॅमिनेशन मंडपाच्या ट्यूबलाइटखाली चकाकतं. मजकूर ३२ पॉइंटच्या खाली नको, मथळा ९० च्या पुढे. १२० शब्द त्यात आरामात बसतात.

खरी माती होते ती अक्षरांची. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिणार, दुकानदार ते कोरलड्रॉमध्ये जुन्या फॉन्टला बदलून घेणार. मग ‘र्डॅ’, ‘त्र्य’, ‘ऱ्या’ ही जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, आणि ‘नॉर्दॅम्प्टन’ला तर वाचवणारा कोणी नसतो. उपाय: फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि ‘मजकुराला हात लावायचा नाही’ असं सांगा. एक तक्ता आधी साध्या ए-४ कागदावर काढून मोठ्याने वाचा. नजर चुका गिळते, जीभ अडखळते.

जुने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले घेऊ नका, २ फुटांवर चौकोन चौकोन दिसतात. मूळ फाइल नसेल तर फोटो पोस्टकार्डाएवढाच ठेवा आणि उरलेली जागा नकाशाला द्या.

केळीबाग_रावेर

आभार सगळ्यांचे. ‘पहिला’ सगळीकडून काढला, फक्त नॉर्दॅम्प्टनमधून भरती झालेला पहिला, एवढा ठेवला. चेंडू आणि काटा पक्का. सहाव्या तक्त्याचा मसुदा खाली देतो, बघून घ्या:

‘२१ मार्च १९१८ ला जर्मन सैन्याने मोठा हल्ला केला. चौथ्या दिवशी बापोम हातचं गेलं. २५ मार्चला फाव्रुय गावाजवळ माघार घेताना सेकंड लेफ्टनंट वॉल्टर टल वयाच्या तिसाव्या वर्षी मारला गेला. गोलकीपर राहिलेल्या त्याच्या एका शिपायाने त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मृतदेह सापडला नाही. अ‍ॅरासच्या दफनभूमीतल्या स्मारकावर त्याचं नाव आहे. सहकाऱ्याने भाऊ एडवर्डला लिहिलेल्या पत्रानुसार मिलिटरी क्रॉससाठी त्याची शिफारस झाली होती. पदक मिळालं नाही.’

चोपड्याचे_आप्पा

वय २९ लिहा ना सर. तीस पुरी व्हायला ३४ दिवस बाकी होते.

हाफबॅक

आप्पा, ‘तिसाव्या वर्षी’ बरोबरच आहे, २९ पुरी होऊन तिसावं चालू होतं. पण पोरं ते ३० असंच वाचतील हेही खरं. ‘२९ वर्षांचा टल’ करून टाका. ‘चौथ्या दिवशी’ही बरोबर, २१ धरून मोजलं तर २४ चौथाच.

जुनी_कागदं

एकच बदल. ‘अ‍ॅरासच्या दफनभूमीतल्या स्मारकावर’ मधला ‘दफनभूमीतल्या’ काढा. ‘मृतदेह सापडला नाही’ ही ओळ वर असली तरी घाईत वाचणारा कबर तिथेच आहे असं समजून पुढे जातो.

केळीबाग_रावेर

हाव, दोन्ही केले. उद्या ए-४ वर काढून मोठ्याने वाचतो.